पिशवीचं काय करायचं

१२ फेब्रुवारी २००७, सोम.

रिपोर्ट आला. शिपायाने पाकीट काउंटरवरूनच हात लांब करून दिलं आणि वर मोठ्याने, "मॅडम, हॉस्पिटल." पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा वळून बघितलं. जानेवारीत बँकेने आम्हा बायकांची तपासणी ठेवली होती. रक्त, साखर, छातीचा फोटो आणि त्यातच ही पॅप का काय ती. फुकट म्हणून सगळ्या गेल्या, मीही गेले. बाकी बायकांचं सगळं नॉर्मल. मेली माझीच काय ती हौस.

पिशवीच्या तोंडाशी पेशी 'अटिपिकल' आहेत म्हणे. पुढे 'ऑफ अनडिटरमिन्ड सिग्निफिकन्स'. म्हणजे माहीत नाही. एवढं लांबलचक इंग्रजी खर्च करून माहीत नाही इतकंच सांगितलंय.

वि. आवडीहून आला. गावाचं नाव आवडी आणि फॅक्टरीतल्या कामाची इतकी नावड, की घरी आल्यावर तासभर तोंड उघडत नाही. आमटी-भात खाल्ला, बातम्या लावल्या. नवऱ्याला सांगावं असं वाटेना. नाही सांगितलं.

१५ फेब्रु., गुरु.

डॉक्टरीणबाईंकडे. बारीकशी बाई, चष्मा, केसांत एवढा मोठा गजरा. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, काही नसेलही. इन्फेक्शन असेल. तीन महिन्यांनी परत करू.

मी विचारलं, कॅन्सर आहे का ते सांगा. नाही म्हणाल्या. मग आहे काय? तर म्हणे आपण लक्ष ठेवू. कुणी ठेवायचं? ते बसलंय आत, डोळे बाहेर.

उठताना विचारलं, तीन महिने मी करू काय? "परवाइल्ले," म्हणाल्या आणि घंटी वाजवली. नऊ वर्षं झाली या गावात, हा शब्द अजून कानाला टोचतो. तमिळमध्ये त्याचा अर्थ काही हरकत नाही, असू दे. मला ऐकू येतं पर्वा नाही. आज तर स्वच्छ तसंच ऐकू आलं.

३ मार्च, शनि.

मंडईत गेले. तिरुवल्लिकेणीतली आमची ती भाजीवाली, देवळाच्या तळ्याकडच्या गल्लीतली. मिरजेहून आणलेली कापडी पिशवी माझ्या खांद्याला लटकत असते, तिला ती दिसते, तरी रोज विचारणार, "पै वेणुमा?" पै म्हणजे पिशवी. हवी का? मी म्हणणार, "वेण्डाम." नको. पहिल्या वर्षी मला वाटायचं बाई पैसेच मागतेय, आधीच पै पै करून दिलेत, आता आणखी कसले? वि. पोट धरधरून हसला होता. त्याचं तमिळ फॅक्टरीत तयार झालंय. माझं मंडईत. वांगी, कोथिंबीर, रिक्षा आणि भांडण, यापलीकडे माझी गाडी जात नाही.

आज भाजीवालीशी उगाच भांडले. गवार जून होती, पण इतकी नव्हती.

मनू म्हणाली, आई, तू हल्ली सारखी कोवप्पडतेस. रागावतेस म्हणायचं होतं. दहा वर्षांची मुलगी, चिडणं तमिळमध्ये आणि गणित इंग्रजीत. मराठी फक्त मला बोलायला ठेवलीय.

२८ मार्च

वि.ला सांगितलं. सांगावं लागलं. पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं, हा नेमका तिथे रेशनकार्ड शोधायला गेला. "हे मला आज कळतंय?" मी म्हटलं, मलाही तेवढंच कळलंय, त्यात लिहिलंय बघ, माहीत नाही म्हणून.

रात्री जेवताना माझ्या ताटाकडे बघत होता. मी किती पोळ्या खाते ते. डोक्यात गेला.

१७ मे, गुरु.

परत केली तपासणी. परत रिपोर्ट. आता 'अनडिटरमिन्ड' नाही, आता 'लो ग्रेड'. तीन महिने मी उपास करत नव्हते की नवस बोलत नव्हते, पण मनात धरून चालले होते की जाईल. गेलं नाही. वर्ग मात्र मिळाला. लोअर डिव्हिजन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दुर्बिणीतून बघू, छोटा तुकडा काढू.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की छत्री तिथेच राहिली. कशाला हवीय छत्री मे महिन्यात, पण रडू आलं. छत्रीसाठी.

२९ मे, मंगळ.

झालं. आत व्हिनेगर लावतात, पांढरं काही उठतं का बघायला. मग आयोडीन. बाईचं लोणचं घालतात नुसतं. नर्स डोक्यावरून हात फिरवत होती, मी म्हटलं, हात काढा. तिला मराठी कळत नाही, पण हात काढला.

तुकडा काढताना चिमटा बसावा तसं. चिमटा म्हणे! यांनी एकदा बसावं तिथे.

वि. बाहेर बाकावर होता. 'दुखलं का' विचारलं. नाही म्हटलं.

७ जून, गुरु.

सी-आय-एन वन. म्हणजे कॅन्सर नाही. कॅन्सरच्या आधीचं असतं त्याच्याही बरंच आधीचं काहीतरी. बहुतेक बायकांचं आपोआप जातं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काहींचं राहतं. थोड्यांचं वाढतं. मी कुठल्यात? ते आज सांगता येत नाही. डिसेंबरात परत तपासू. आता काही करायचं नाही, वाट बघायची, हीच ट्रीटमेंट.

मग हळूच सांगितलं की हे एका व्हायरसने होतं. नवरा-बायकोत येतो-जातो, वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, कुणाकडून कधी आला ते देवालाही सांगता येत नाही. त्यावरून घरी भांडू नका.

म्हणजे सगळ्या बायका भांडत असणार.

मी भांडले नाही. फक्त घरी येऊन जसं ऐकलं तसं वि.ला ऐकवलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं, मग कुणाकडे बघू? तो लग्नाआधी चार वर्षं भुसावळला एकटा राहायचा. मी विचारलं नाही. त्यानेही मला काही विचारलं नाही, पण बाल्कनीत जाऊन उभा राहिला बराच वेळ. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान कडाडून भांडता आलं असतं.

१० जून, रवि.

ताईचा फोन, सांगलीहून. तिला सांगितलं. ती एकच म्हणाली, "कुणी काढायला सांगितली तर ऐकू नकोस."

ताईची काढली चौतिसाव्या वर्षी. पांढरं जात होतं, एवढ्यावर. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, दोन मुलं झालीत, आता काय करायचीय ठेवून, उद्या त्यात काही झालं म्हणजे? घाबरवलं आणि काढली. अंडाशयंही गेली बरोबर, ते तिला नंतर कळलं. पुढे सहा महिन्यांनी रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यात काहीच निघालं नव्हतं. पिशवी निरोगी. आता चाळिशीत तिची हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, दळण आणायला जाते तर वाटेत दोनदा बसते. आणि भाऊजी चारचौघांत सांगतात, आम्ही वेळेवर काढून घेतली म्हणून बरं.

१६ जून, शनि.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

वि.ने त्याच्या साहेबांच्या ओळखीचा मोठा डॉक्टर गाठला. सेकंड ओपिनियन. एसी, मासे पोहतायत काचेच्या पेटीत. डॉक्टरने माझा रिपोर्ट वाचला, मला वय विचारलं, मुलं किती विचारलं. अडतीस, म्हटलं. एक. झालं, त्यानंतर माझ्याशी बोलणं संपलं. वि.कडे वळून तमिळमध्ये सुरू झाला. वि. माना डोलावतोय. दोघं भराभर बोलतायत, मला त्यातलं मंडईपुरतंच कळतंय. तेवढ्यात डॉक्टर टेबलाकडे हात करून म्हणाला, "पैय एडुत्तुडलाम."

पिशवी उचलू या, काढू या. हे मला कळलं. माझी कापडी पिशवी त्याच्या टेबलावर होती, येताना लिंबं घेतली होती. मला वाटलं टेबलावर ठेवलेली आवडली नाही साहेबाला. "सॉरी," म्हटलं, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग डॉक्टर हसला. वि. हसला नाही, कानापर्यंत लाल झाला. आणि मला कळलं की कुठल्या पिशवीचं चाललंय. त्यांच्यातही पिशवीच म्हणतात. आपल्यात म्हणतात तसंच.

माझी. माझ्यासमोर. मंडईत भाजीवाली निदान मला विचारते तरी.

लिंबं मांडीवर घेऊन बसून राहिले. काही बोलले नाही, याचा आता संताप येतोय. उठून जायला हवं होतं.

२० जून, बुध.

वि.ने ऑपरेशनला ११ जुलै ठरवलीय. मला 'सांगितलं'. सासूबाईंनी मिरजेहून तिकीट काढलंसुद्धा, मनूकडे बघायला येतायत. फोनवर म्हणाल्या, "अगं, घाबरू नकोस, हल्ली काही विशेष नसतं. पसाऱ्यातून एक वस्तू कमी झाली म्हणायचं."

पसाऱ्यातून.

संध्याकाळी खालच्या मालकीणबाई वर आल्या. तंजावरकडच्या. घरात अजून ती जुनी मराठी बोलतात, निम्मं तमिळ, हेल तर सगळा तमिळच. माझी मराठी ऐकून मलाच 'मुंबईवाली' म्हणतात, मी सांगली-मिरजेची असून. त्यांना म्हणे वि.ने जिन्यात सांगितलं. "कसाला ठेवायची?" म्हणाल्या, म्हणजे कशाला ठेवायची ती, माझीही कधीच काढली. आणि करायचं तर आडी लागायच्या आत करा. आडी म्हणजे इकडचा अशुभ महिना, त्यात काही चांगलं करत नाहीत.

चांगलं! मुंज आहे का माझ्या पिशवीची? त्यांना चकलीसारखे मुरुक्कू देऊन बोळवलं आणि दार लावल्यावर डबा आपटला. डब्याला पोचा आला.

जिन्यात सांगितलं. जिन्यात.

१ जुलै, रवि.

भांडण. मनू शिकवणीला गेल्यावर. सगळं काढलं, जिना, साहेब, मासे, भुसावळ. भुसावळसुद्धा काढलं शेवटी. तो म्हणाला, भुसावळला काही नव्हतं. मी म्हटलं, असेल नाही तर नसेल, मला त्याचं काही पडलेलं नाही, मला एवढंच सांग की ती कुणाची आहे? तुझ्या साहेबांची?

त्याला म्हटलं, डॉक्टरीणबाई सांगतायत थांबा. म्हणाला, त्या सांगणार, त्यांचं काय जातंय. मी म्हटलं, हा जो काढतो त्याचं काही जात नाही, येतंच. आणि काढली तरी हे असलं नंतरही तपासावं लागतं, मी विचारून आलेय त्यांना. ऐकूनच घेईना. एकदाची काढली की मिटलं, एकदाची काढली की मिटलं. हेच सारखं.

शेवटी मी ओरडले, मिटलं कुणाचं?

तेव्हा तो खुर्चीत बसला. म्हणाला, "माझं. मला झोप लागत नाही गं. तुला काही झालं तर मला मनूला एकट्याला नाही वाढवता येणार."

मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आली. पण जास्त राग आला, की याला झोप लागावी म्हणून माझं पोट फाडायचं? आणि हेही खरं की हे वाढलं तर? मी थोड्यांमधली निघाले तर? तेव्हा हा म्हणणार नाही, पण मीच म्हणेन, की तो सांगत होता.

तरी नको म्हणाले. नको.

३ जुलै

अबोला. मनू निरोप्या. "अप्पा विचारतात गॅसचा नंबर लावला का." मुलीने बापाला बाबा म्हणायचं सोडून कधी अप्पा सुरू केलं ते मला कळलंच नाही.

८ जुलै, रवि.

सासूबाईंना मीच फोन केला. म्हटलं, आई, तिकीट रद्द करा, मी काढत नाहीये. पलीकडून म्हणाल्या, विनूला माहीत आहे का? मी म्हटलं, पिशवी माझी आहे, आई, विनूची नाही. इतकं उद्धट त्यांच्याशी सोळा वर्षांत कधी बोलले नव्हते.

त्या म्हणाल्या, दुसरं मूल हवंय का तुला? सरळ विचारलं. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. म्हटलं, माहीत नाही. बहुतेक नको. तरी पिशवी हवीय.

"मग असू दे," म्हणाल्या. रागाने की कसं ते कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला.

११ जुलै, बुध.

आजची तारीख होती. आज मी पिशवीसकट बँकेत. कॅशला गर्दी, एकाची सही जुळेना, त्याने माझाच उद्धार केला. मीही केला त्याचा. छान गेला दिवस.

वि. संध्याकाळी म्हणाला, हॉस्पिटलचा फोन होता, का आला नाहीत म्हणून. काय सांगितलंस? "नको म्हटलं." आमटी आणखी वाढून घेतली त्याने. एवढंच.

२ सप्टेंबर, रवि.

धीर वगैरे काही नाही. काल पाळी नसताना दोन थेंब दिसले. सरळ वाटलं, झालं, मूर्ख बाई, काढून टाकायची होती तेव्हा तुला मिजास सुचली. सकाळी डॉक्टरीणबाईंकडे धावले. बघितलं, सूज आहे थोडी, बाकी काही दिसत नाही म्हणाल्या. मी विचारलं, काढायला हवी होती का मी? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मी तुमच्या जागी असते तर मीही थांबले असते, आणि मीही घाबरले असते.

पहिल्यांदा ही बाई जरा बरी वाटली. गोळ्या दिल्या. निघताना पुन्हा "परवाइल्ले". असो.

२१ ऑक्टोबर, रवि.

दसरा. मालकीणबाईंकडे नऊ दिवस बाहुल्या मांडल्या होत्या, पायऱ्यापायऱ्यांवर. रोज सुंडल, रोज बायका. आज गेले एकदाची. पाठ दुखते म्हणाल्या, काढल्यापासून धरलीय ती सुटलीच नाही. हे जूनमध्ये नव्हतं सांगितलंत, मी म्हटलं. तुम्ही विचारलंत कुठे, म्हणाल्या. हरभऱ्याचं सुंडल द्रोणात घेतलं आणि वर आले. चांगलं होतं, खोबरं भरपूर.

१ डिसेंबर, शनि.

जवळ आलं. पाऊस थांबत नाही. मनूला उगाच ओरडले, वि.ला उगाच ओरडले. वि. म्हणाला, मी येऊ का गुरुवारी? मी म्हटलं, कशाला, जिन्यात सांगायला? तरी रजा टाकली त्याने.

६ डिसेंबर, गुरु.

दिलं सँपल. आत गेले, झोपले, तीच नर्स. तिने या वेळी हात आधीच मागे ठेवले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरून बरं दिसतंय, पण वरून दिसण्यावर जाऊ नका. मी म्हटलं, नाही जात. गेलं असेल किंवा असेल तिथेच किंवा वाढलं असेल. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

वि. बाहेर बाकावर, छत्री घेऊन. काही विचारलं नाही. बरं केलं.

येताना मंडईतून आलो. गल्लीत घोट्याएवढं पाणी, भाजीवाली प्लास्टिकखाली बसलेली. लिंबं घेतली, कोथिंबीर घेतली. कापडी पिशवी माझ्या खांद्याला, तिला दिसतेय. तरी विचारलं.

"पै वेणुमा?"

"वेणुम," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. वाटलं असेल चुकून म्हणाले. परत विचारलं, वेणुमा? मी परत म्हटलं, वेणुम, हवी. जरा मोठ्याने निघालं असेल. वि.ने माझ्याकडे बघितलं आणि मग पाण्याकडे. त्याला तमिळ येतं.

दिली तिने. पातळ, गुलाबी. लिंबं त्यात घातली. वि.ने धरायला हात पुढे केला, मी दिली नाही. घरापर्यंत मीच धरली.